टाकीखालचा बाजार

आप्पा,

तुमची वही अजून माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरात, रव्याच्या डब्यामागे, तुम्ही गेलात तेव्हापासून तिथंच. गेल्या आठवड्यात नगरपालिकेच्या नव्या मुख्याधिकारी बाई घरी आल्या होत्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या असतील. चपला दाराबाहेर काढून आत आल्या आणि सरळ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या, म्हणून मला आवडल्या. त्या सांगत होत्या की पूर, भूकंप, आग, इमारत पडणं, या सगळ्याचा आराखडा आता प्रत्येक गावाला करावा लागतो, काही व्हायच्या आधी. मला म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं तिथं हेडक्लार्क होता, तर जुनं काही दप्तर, कुणी करून ठेवलेल्या नोंदी, असं काही आठवतं का?" मी म्हणाले, "नाही हो, तसलं काही आमच्या वेळी नव्हतं." आणि त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्या चहा पीत होत्या तेव्हा वही त्यांच्या डोक्यामागं हातभर अंतरावर होती. खोटं बोलायची माझी सवय तशी जुनी आहे. ती कुठून सुरू झाली हे तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी मॅट्रिकला होते. आपल्या मागच्या खोलीची भिंत पडली, भिंतीवरचा आजीचा फोटो पडून काच फुटली. गावातली निम्मी मातीची घरं बसली. आणि बाजारपेठेच्या मधोमध सहा पायांवर उभी असलेली पाण्याची टाकी तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून ती टाकी लोकांच्या लेखी नुसती टाकी उरली नाही. दर वर्षी भूकंपाच्या दिवशी कुणीतरी तिच्या पायाशी नारळ फोडायचं. एवढ्या हादऱ्यात जी पडली नाही ती आता काय पडते, असं सगळे म्हणायचे. पुढं कितीतरी वर्षं अधूनमधून जमीन थरथरायची, मांडणीवरची भांडी वाजायची, आणि लोक "वाजली बघ भांडी" म्हणून हातातलं काम पुढं चालू ठेवायचे. सवयच झाली होती. तुम्ही नगरपालिकेचे ओव्हरसियर. तुम्ही एकटेच शिडी घेऊन टाकीचे सहाही पाय तपासत फिरलात, आणि पूर्वेकडच्या पायावर छातीच्या उंचीला तुम्हाला केसाएवढी चीर सापडली.

आजीच्या फोटोची फुटकी काच तुम्ही टाकून दिली नव्हती. फोटोवाल्याकडून तिच्या बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या कापून आणल्यात. एक पट्टी त्या चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं खांबाला पक्की केलीत, उरलेल्या तीन बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. "काच वाकत नाही की ताणत नाही," तुम्ही मला म्हणालात. "खांब सुताएवढा हलला तरी ती तुटणार. तुटली की समजायचं, चीर जिवंत आहे." सांगलीला शिकताना एका सरांनी तुम्हाला हे दाखवलं होतं. गावाला मात्र ते तुम्ही कधी नीट समजावून सांगितलं नाहीत, आप्पा, आणि ही तुमची चूक होती, आज इतक्या वर्षांनी बोलून दाखवते. गुरुवारचा बाजार टाकीच्या सावलीत भरायचा. त्या पायाला पाठ टेकून एक म्हातारी मेथी विकायला बसायची. तिनं एकदा मला विचारलं, "सायबांनी टाकीला ताईत बांधलाय न्हवं गं?" मी हसून हो म्हणाले. पुढच्या गुरुवारी काचेवर हळदकुंकू लागलेलं होतं. तुम्ही रुमालानं पुसून काढायचात, गुरुवारी पुन्हा लागलेलं असायचं.

वही त्याच वर्षी सुरू झाली. पहिल्या पानावर टाकी. मग तंबूच्या थेटराचं एकच दार, तेही खेळ चालू असताना बाहेरून कडी घालतात म्हणून. मग मुलींच्या शाळेची तुळई, नदीच्या घाटाच्या खचलेल्या पायऱ्या, रॉकेलच्या दुकानाला लागून असलेला कडब्याच्या गंजींनी भरलेला वाडगा. प्रत्येकापुढं तीन रकाने: काय होऊ शकतं, कुणाला होईल, आत्ता काय केलं तर टळेल. आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "आवं, दिवेलागणीला बसून मरणाची यादी कसली लिवताय?" नगरपालिकेच्या सभासदांना कळल्यावर त्यांनी तिचं नाव अशुभाची वही ठेवलं. तुमच्या टिपण्या मीच टाईप करायची, कारण मॅट्रिकनंतर मी नगरपालिकेत टायपिस्ट म्हणून लागले होते, हंगामी. प्रत्येक टिपणी सभेपुढं जायची आणि तिच्याखाली एकच वाक्य येऊन परत यायची, नोंद घेण्यात आली. ते वाक्य मी इतक्यांदा टाईप केलंय की डोळे मिटूनसुद्धा बोटं बरोबर पडायची.

तुम्ही टाकी निम्मीच भरू द्यायचात. आतल्या बाजूला तांबडी रेघ मारली होती आणि पाणी सोडणाऱ्या शिपायाला सक्त सांगितलं होतं. टाकी निम्मी, म्हणून आपल्या वरच्या आळीच्या नळांना पाणी चढायचं नाही. सगळी आळी विहिरीवरून पाणी ओढायची, आपली आईही. दुष्काळात विहीरही आटली आणि बायका घाटापर्यंत जाऊ लागल्या. मग पाऊस झाला, नदीवर नवा पंप बसला, आणि वरच्या आळीनं नगराध्यक्षांचं दार धरलं. आता पंप आहे, टाकी आहे, तर नळाला पाणी का नाही? आई रात्री पाठीला शेक घेत म्हणायची, "त्या काचंपायी माज्या कमरंचा खुळखुळा झाला. गावाची काळजी हाय, बायकोची न्हाई." तुम्ही वहीत लिहीत राहायचात. मला तुमचा राग यायचा.

त्या विषयावरची सभा मला आजही दिसते. तुम्ही उभे आहात, हातात वही आहे, मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसले आहे. नगराध्यक्ष म्हणतात, "ओव्हरसियर, तुमी म्हंता पडंल. सहा वर्सं झाली, पडली का? लोकांची तोंडं कोरडी हायती ती मला दिसत्यात. तुमचा धोका मला दिसत न्हाई." सगळे हसतात. तुम्ही सैन्यातून परत आलेल्या सभासदांकडं वळता, ज्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. "सुभेदारसाहेब, लढाईवरनं परत आलेल्या जवानाला पुन्हा फ्रंटवर धाडायच्या आधी डॉक्टर तपासतो का नाही?" सुभेदार म्हणतात, "तपासतो की. कपडे काढून तपासतो." तुम्ही म्हणता, "ही टाकीपण लढाईवरनं परत आलीय. परत आली म्हणून तिला काही लागलंच नाही, असं कसं धरायचं? मी पाणी देऊ नका म्हणत नाही. एकदम भरू नका. चार दिवसाला हातभर चढवा. रोज सकाळी काच बघू. शाबूत असली तर पुढं जाऊ. तुटली तर त्याच दिवशी खाली करू आणि बाजार शाळेच्या मैदानावर नेऊ. काही झाल्यावर शोकसभेचा ठराव करायचा, त्यापेक्षा काही व्हायच्या आधी हा एक करा. दिसत नाही ते बघायचं कामसुद्धा नगरपालिकेचंच आहे." सुभेदारांनी हात वर केला. मग एकेक करत बाकीच्यांनीही.

तुम्ही जिंकला होता, आप्पा. मी टिपणीखाली पहिल्यांदाच दुसरं वाक्य लिहिलं, ठराव मंजूर. घरी येताना तुम्ही मला पेढे घेऊन दिलेत. मुख्याधिकारी साहेबांनी मात्र जाता जाता सगळ्यांदेखत टोमणा मारला होता, "काच बघणार ओव्हरसियर, टिपणी टाईप करणार ओव्हरसियरची मुलगी. म्हणजे काच तुटणारच." ते वाक्य मी विसरले नाही. तुम्ही विसरला असाल.

आठवडाभरानं घाटाच्या त्याच खचलेल्या पायऱ्यांवर, ज्या वहीत चौथ्या पानावर होत्या, तुमचा पाय घसरला. सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालून दीड महिना घरी बसवलं. काच बघायचं काम माझ्यावर आलं. ऑफिसला जाताना बघायची, घरी येऊन सांगायची, तुम्ही वहीत लिहायचात: शाबूत, मुलीने पाहिली. पाणी तांबड्या रेघेवर चढलं. दुसरा टप्पा झाला, तिसरा झाला. चौथ्या टप्प्याला, एका सोमवारी संध्याकाळी, आपल्या नळाला पाणी आलं. आधी नुसती हवा सुस्कारत आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ धार. आईनं घरातलं एकूण एक भांडं भरलं, वाट्यासुद्धा. मग तोटीखाली दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली आणि हसायला लागली. तिला तशी हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि नंतरही फारसं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच तुटलेली होती. मधोमध, सरळ, कुणी कापल्यासारखी. बोट फिरवलं तर दोन्ही कडा एका पातळीत नव्हत्या. मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यावर तांबड्या रेघेच्याही वर चार हात पाणी होतं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मला कायम करण्याचा विषय होता, ती विषयपत्रिका मीच टाईप केली होती. काच तुटली म्हटलं की साहेब म्हणणार, बघा, हिनंच तोडली. आणि आईचे ते तोटीखालचे हात. यातलं नक्की कशामुळं मी ते केलं, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. खरं सांगायचं तर तिन्ही होतं, आणि सगळ्यांत जास्त कायम होण्याचं होतं. दुपारी जेवणाच्या सुटीत तुम्ही झोपलेले असताना डब्यातली एक पट्टी काढली, स्टोअरमधून मूठभर सिमेंट घेतलं आणि भर उन्हात, रिकाम्या बाजारात जाऊन जुनी काच काढून नवी बसवली. लपायचीसुद्धा गरज पडली नाही. एक सायकलवाला थांबून म्हणाला, "ताईत बदलताय व्हय ताई? बरं केलं." संध्याकाळी मी तुम्हाला म्हणाले, शाबूत आहे. तुम्ही लिहिलंत. मी त्या म्हातारीला हसले होते, पण काचेनं टाकी पडत नाही असं मानणारी त्या गावात मीसुद्धा एक होते.

मग तीन गुरुवार गेले. नवी काच टिकली होती, आणि तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घालत होते की हलायचं तेवढं हलून झालं असेल. टाकी काठोकाठ भरू लागली. बुधवारी रात्री मला जेवण जायचं नाही. गुरुवारी सकाळी मी टाकीखालून जायची ती श्वास धरून. म्हातारी मेथीच्या जुड्या लावून पायाला पाठ टेकून बसलेली असायची. "बस की गं पोरी, सावली हाय," म्हणायची. चौथ्या गुरुवारी मी ऑफिसात टाईप करत होते आणि टेबल थरथरलं. कपाटातली काचेच्या पेल्यांची रांग किणकिणली. "वाजली भांडी," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी टाईपरायटरवर हात ठेवून बाजाराच्या दिशेनं आवाज येतोय का ऐकत बसले. काही आलं नाही. जेवणाच्या सुटीची वाट न बघता मी घरी पळाले, टाकीकडं नाही, घरी. हेही तुम्हाला माहीत असावं.

तुम्ही स्वयंपाकघरात होता. हादरा बसला म्हणून दुसऱ्या एका पायावरही पट्टी लावायची, म्हणून डबा उघडून बसला होता. ओट्यावर दोन पट्ट्या ठेवलेल्या. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, पट्ट्यांकडं पाहिलंत. "केव्हा?" एवढंच विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. म्हणालात, "मला फसवलंस त्याचं काही नाही. पण तिथं खांबाला टेकून बसते ती बाई तुझ्या भरवशावर बसते, आणि तिला ते ठाऊकसुद्धा नाही." मग काठी घेऊन उठलात आणि दाराशी म्हणालात, "तुझी आई आत्ता तिथंच आहे. बाजाराला गेलीय."

प्लास्टरचा पाय ओढत तुम्ही उतार उतरताय आणि मी मागून चालतेय. मी खांदा पुढं केला तो तुम्ही घेतला नाहीत. टाकीखाली जाऊन तुम्ही कुणाला काही सांगत बसला नाहीत, टाकी धुवायच्या वेळी उघडतात तो खालचा मोठा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवलात. पाणी बाजारातून सुटलं. मेथी, टोमॅटो, मिरच्यांची पोती, चपला, सगळं गटाराकडं वाहू लागलं. लोक टाकीखालून पळाले, तुम्हाला हवं होतं तसंच, पण शिव्या देत. म्हातारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ओरडत होती, "आवं सायब, येड लागलं का तुमास्नी? दुस्काळ इसरला का काय?" आई घोटाभर पाण्यात पिशवी धरून उभी होती आणि तुमच्याकडं बघत होती. जे पाणी तिच्या तोटीतून येत होतं ते तिच्या पायांवरून वाहून जात होतं. टाकी पडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला निलंबित केलं. खुलासा घ्यायला साहेबांनी ऑफिसात बोलावलं, टाईप करायला मी. साहेबांनी विचारलं, "ठरावाप्रमाणे काच तुटली तरच पाणी सोडायचं होतं. काच तुटली होती का?" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. माझी बोटं अक्षरांवर होती. मला वाटतं तुम्ही थोडा वेळ थांबलात. बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मग तुम्ही म्हणालात, "नाही. शाबूत होती. मला भीती वाटली म्हणून सोडलं." आणि मी ते टाईप केलं, एकही चूक न करता. पुढच्या सभेत मी कायम झाले. टाकीची भीती मात्र कुणाला वाटत राहिली असावी, कारण शिपाई पुन्हा तांबड्या रेघेपर्यंतच भरू लागला, आणि वरची आळी पुन्हा विहिरीवर गेली. आईनं तुमच्याशी बोलणं कमी केलं. तुम्ही दोन वर्षांनी गेलात तेव्हा निलंबनाचा निकाल लागायचा होता.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. मी तीस वर्षं तिथं बसले आणि जेव्हा जेव्हा कुणी म्हणालं की या पुलाकडं बघायला हवं, त्या थेटराला दुसरं दार हवं, तेव्हा तेव्हा कुणीतरी हसून म्हणायचं, "त्या ओव्हरसियरगत करू नका बाबा, बाजार बुडंल." काही झालं नाही, हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा झाला. काच तुटली होती हे एक वाक्य तुमच्या बाजूनं होतं आणि ते माझ्यापाशी होतं. पुढं टाकी जुनी झाली म्हणून पाडली, तेव्हा गवंड्यानं मला बोलावून पूर्वेकडच्या पायातली सळई दाखवली. हातात घेतली तर तिचा तांबडा भुगा झाला. "ताई, ही कशावर हुबी हुती ओ?" त्यानं विचारलं. मी फाईलवर लिहिलं, जीर्ण झाल्याने निष्कासित, आणि फाईल बंद केली.

नवी टाकी त्याच जागी बांधली. बाजार आजही तिच्या सावलीत भरतो. मुख्याधिकारी बाई येऊन गेल्यावर गेल्या गुरुवारी मी काठी टेकत तिथं जाऊन आले. एका पायावर निवडणुकीचं जुनं पोस्टर आहे, त्याचा कोपरा सुटलाय, आणि त्याखाली रेघ आहे. नुसतं प्लास्टर तडकलं असेल. तुम्ही असता तर बघून सांगितलं असतंत. त्या पायाला टेकून एक बाई लसूण निवडत बसली होती.

घरी आल्यावर तुमचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि मागच्या खिळ्या काढून काच वेगळी केली. टेबलावर आहे. गावातला फोटोवाला तिच्या पट्ट्या कापून देईल. पण पट्टी लावली की मुख्याधिकारी बाई विचारणार, हे तुम्हाला कुणी शिकवलं, आणि मग वही द्यावी लागणार, आणि वहीत तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे, शाबूत, मुलीने पाहिली. तीन आठवड्यांच्या प्रत्येक दिवसापुढं. तेवढं एक पान नसतं तर मी वही त्यांना त्याच दिवशी दिली असती. त्या दिवशी त्या गेल्यावर ते पान मी दोन बोटांत धरलं होतं, अर्ध्यापर्यंत फाडलंसुद्धा, हे सांगायचं राहिलं होतं. मग डिंकानं चिकटवलं. बाईंचा नंबर समोर लिहून ठेवलाय. आज बुधवार आहे, संध्याकाळ होत आली, आणि मी अजून फोन केलेला नाही.